पाहुण्यांना दाखवायचं काय?

आम्ही देवपूरहून बोलतोय. देवपूर म्हणजे धुळ्याचं देवपूर, पांझरा नदीच्या उत्तर काठावरचं. आमच्या बचत गटात बारा जणी आहोत. काहींची देवपुरातच शेती होती, काहींची अजून आसपासच्या गावांत आहे, काही जणी शिवणकाम करतात, काही भाजी विकतात.

मागच्या मार्गशीर्षात आमच्या गटातल्या एकीच्या घरी लग्न होतं. मुंबईकडून पाहुणे आले होते. हळद झाली, लग्न झालं, सत्यनारायण झाला. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची. सकाळी चहा पिता पिता त्यांच्यातल्या एका बाईंनी सहज विचारलं, "आज दिवसभर मोकळ्या आहोत. इथं बघण्यासारखं काय आहे?"

आम्ही सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलो. घरधनीण हळूच म्हणाली, "देखासारखं काय शे आठे?" मग मोठ्यानं पाहुण्यांना म्हणाली, "काही नाही हो ताई, आमचं आपलं शेतीचं गाव." कुणी शिर्डी सुचवली, कुणी सप्तशृंगी. म्हणजे बघायचं ते दुसऱ्या गावाला. कोपऱ्यात मावशी बसल्या होत्या, सत्तरीच्या. त्यांना राग आला. "साठ वर्षं जिथं काढली तिथं दाखवायला काहीच नाही? मग आम्ही काय आंधळ्या राहिलो का इतकी वर्षं?" असं म्हणून त्या उठल्या आणि चपला घातल्या. त्या दिवशी आम्ही पाहुण्यांना जे दाखवलं, आणि दाखवता दाखवता आमचं आम्हालाच जे कळलं, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात नदीपासून केली. पांझरेच्या काठी एकवीरा आईचं देऊळ आहे. खान्देशातल्या कितीतरी घराण्यांची ती कुलदेवी. चैत्रात यात्रा भरते तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसते, पण मार्गशीर्षातल्या सकाळी देऊळ शांत होतं. देवळातून बाहेर आलं की नदी दिसते आणि नदीपलीकडे धुळे. मावशींनी पाहुण्यांना तिथंच पायरीवर बसवलं आणि गावाची गोष्ट सांगितली.

१८१८ साली पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांकडे गेला. त्यांचा इथला अधिकारी होता कॅप्टन ब्रिग्ज. त्यानं १८१९ मध्ये धुळे हे खान्देशाचं मुख्य ठाणं केलं. बाहेरून व्यापारी बोलावले, कारागीर बोलावले, घरं बांधायला जागा दिल्या आणि सरळ रेषेत गल्ल्या आखल्या. धुळ्याच्या जुन्या भागात पत्ता सांगताना लोक आजही गल्लीचा नंबर सांगतात. तेव्हा आपलं देवपूर नदीपलीकडचं शेतीवाडीचं वेगळं गाव. १८७२ साली पांझरेला मोठा पूर आला, फार नुकसान झालं. १९०६ मध्ये खान्देशाचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. हळूहळू पूल झाले, शाळा-कॉलेजं झाली, देवपूर धुळ्याला जोडलं गेलं. २००३ मध्ये धुळ्याची महानगरपालिका झाली. म्हणजे कागदावर आम्ही शहरात राहतो. पण मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते जवळून जात असूनही आमचं घड्याळ अजून शेताचंच आहे.

घड्याळ शेताचं म्हणजे काय, ते पाहुण्यांना बाजारात कळलं. सकाळी आसपासच्या गावांतून मेथी, पालक, वांगी, मिरच्या घेऊन बाया येतात. रिक्षात दोन गाठोडी, वर एक बाई, तिच्या मांडीवर वजनकाटा. मुंबईच्या ताईंनी मेथीची जुडी उचलून विचारलं, "ताजी आहे ना?" भाजीवाली हसली. म्हणाली, "काल संध्याकाळी जमिनीत होती." जुडीच्या मुळांना ओली माती होती. ताईंनी ती जुडी नाकाशी धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. आम्हाला त्यात विशेष काय ते कळेना.

शेतीच्या गावात बाजार हा नुसता विकायचा ओटा नसतो. बघा ना, जूनमध्ये पहिला पाऊस पडला की बियाण्याच्या दुकानात रांग लागते आणि कापडाच्या दुकानात माश्या मारत बसायची वेळ येते. दसऱ्यापासून कपाशीची वेचणी सुरू होते. वेचणाऱ्या बायांच्या हातात किलोवर मजुरी येते, शेतकऱ्याच्या हातात कापसाचे पैसे येतात, आणि मग भांड्याचं दुकान, शिंपी, सोनार, शाळेची राहिलेली फी, सगळं एकदम चालू होतं. पाऊस नीट झाला नाही तर न्हाव्यालाही कळतं. शहरात पाऊस लांबला तर लोकांना उकाडा होतो. इथं पाऊस लांबला तर मुलीचं लग्न लांबतं.

म्हणूनच दुकानदार माणसं ओळखून असतो. कुणाची जमीन काळी, कुणाची मुरमाड, कुणाच्या विहिरीला पाणी टिकतं, हे त्याच्या डोक्यात असतं आणि त्यावर त्याची उधारीची वही चालते. या वहीचं आम्ही उगाच गोड कौतुक करणार नाही. त्या वहीनं अडीअडचणीत आम्हाला तारलं आहे आणि त्याच वहीनं आमच्यातल्या काहींचे दागिनेही खाल्ले आहेत. बचत गट काढायची वेळ आली ती त्यामुळेच. पण दारात माणूस आलं की नावानं हाक मारणारं दुकान, ही गोष्ट पाहुण्यांना नवी होती.

दुपारी आम्ही सगळ्या जीपमध्ये बसून नदीच्या वरच्या अंगाला निघालो, साक्री तालुक्यात. आमच्या गटातल्या दोघींचं माहेर तिकडचं, पांझरेच्या काठचं. खरं सांगायचं तर तिकडे जायचं ठरलं ते भरताच्या वांग्यांसाठी. पण दिवसभरातली सगळ्यांत मोठी गोष्ट तिथंच दिसली, आणि ती आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. ती म्हणजे फड.

फड म्हटलं की तुम्हाला तमाशाचा फड आठवेल, नाहीतर उसाचा. हा पाण्याचा फड. पांझरेवर, आणि नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर, तीनशेहून जास्त वर्षं चालत आलेली ही पाणी वाटून घ्यायची पद्धत आहे. कुठलं सरकार नव्हतं, कुठलं खातं नव्हतं, तेव्हापासूनची.

नदीच्या पात्रात दगडाचा एक आडवा बंधारा. फार उंच नाही. पाणी अडलं, थोडं वर चढलं की कडेच्या पाटात शिरतं. पाट उतारानं पुढे जातो, पंप नाही, वीज नाही. या पाटाखाली जेवढी जमीन भिजते तिचे मोठे मोठे तुकडे पाडलेले असतात, बहुधा तीन किंवा चार. एकेका तुकड्याला म्हणायचं फड. आणि खरी अक्कल पुढे आहे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस असेल तर सगळा ऊस, दुसऱ्यात गहू तर सगळा गहू, तिसऱ्यात हंगामी काहीतरी. पुढच्या वर्षी पिकं फडाफडांतून फिरवायची.

आता तुम्ही म्हणाल, ज्याची जमीन उसाच्या फडात त्याचं भलं, बाकीच्यांचं काय? तर तसं होत नाही, कारण सर्वसाधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याचा थोडा थोडा तुकडा प्रत्येक फडात असतो. त्यामुळे उसाचे पैसे सगळ्यांना थोडे थोडे, गहू सगळ्यांच्या घरात. सगळीकडे एकच पीक असल्यामुळे पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग जातं. एकाला आज हवं, दुसऱ्याला परवा हवं, अशी ओढाताण नाही. पाणी वाया कमी जातं, भांडणं कमी होतात. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. म्हणजे एकाचं सगळं शेत वाळलं आणि दुसऱ्याचं हिरवंगार राहिलं, असं होत नाही. तूटही सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते.

हे सांभाळायला माणसं नेमलेली असत. पाटातून पाणी सोडणारा तो पाटकरी. आतल्या चाऱ्यांतून शेताशेताला पाणी देणारा बारेकरी. पिकांची राखण करणारा जागल्या. या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा हवालदार. त्यांचा मोबदला शेतकरी मिळून देत, पूर्वी धान्यात. हंगामाच्या आधी पाट साफ करायला घरटी एक माणूस जायचं. पाणी कुठल्या फडाला, किती दिवस, हे पंच बसून ठरवत.

आमच्या मैत्रिणीचे आजोबा पाटकरी होते. ती सांगत होती, आजोबा शेताच्या मालकाला शेतात पाणी घेऊ द्यायचे नाहीत. मालकानं पाण्याला हात लावायचाच नाही. हात फक्त बारेकऱ्याचा. मुंबईचे भाऊजी हसायला लागले, "स्वतःच्या शेतात स्वतः पाणी द्यायचं नाही?" ती म्हणाली, "म्हणून तर शेवटच्या शेतापर्यंत पोचायचं."

इथं आम्हाला एक गोष्ट टोचली, तीही सांगून टाकतो. पाटकरी, बारेकरी, जागल्या, हवालदार, पंच, सगळे पुरुष. त्या फडांतली निंदणी, खुरपणी, वेचणी सगळी आमच्या आयांनी, आज्यांनी केली, पण पाणी कधी सोडायचं हे त्यांना कुणी विचारलं नाही. इतकी शहाणी पद्धत, पण त्या शहाणपणाची हद्द घराच्या उंबऱ्यापाशी थांबली. हे आम्ही पाहुण्यांनाही सांगितलं.

याच पांझरेवर दातर्ती गावाजवळ एका तरुण इंजिनिअरनं १८८४ च्या सुमारास नदीखालून पाणी नेणाऱ्या नळाचं काम केलं होतं. नोकरीला नुकताच लागलेला, विशीतला पोरगा, घर सोडून आलेला. तेच पुढे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हणून देशभर नावाजले. त्यांच्या आठवणीत या कामाचा उल्लेख आहे. आमच्यातल्या किती जणींना हे माहीत होतं? एकीलाही नाही. मुंबईच्या भाऊजींना माहीत होतं! आपल्या नदीची गोष्ट पाहुण्यानं आपल्याला सांगावी, मावशींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता फड पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. वर धरणं झाली, नदीचं पाणी धरणाच्या वेळापत्रकानं येतं. ज्याच्या त्याच्या विहिरी झाल्या, मोटारी झाल्या, ज्याला जे पीक परवडेल ते तो घेतो. त्यात कुणाला दोष द्यायचा? पण काही बंधाऱ्यांवर पाट अजून वाहतात. त्या दुपारी आम्ही पाटात पाय सोडून बसलो. बाजूला गहू वीतभर वाढलेला, पलीकडे तुरीला शेंगा. पाहुण्यांचा मुलगा पाटात कागदाची नाव सोडून तिच्या मागे पळत सुटला आणि फडाच्या शेवटापर्यंत गेला. परत आला तेव्हा चिखलानं माखलेला. त्याच्या आईनं त्याला ओरडायचं सोडून स्वतःही साडी खोचून पाण्यात पाय घातले.

आणि मग संध्याकाळी भरीत. खान्देशी भरीत म्हणजे काय, हे रेडिओवर सांगायला हवं असं नाही, पण बाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगतो. वांगी मोठी, फिकट हिरवी. जळगावकडे बामणोदची वांगी नावाजलेली. शेतातच कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवायच्या आणि त्या जाळात वांगी भाजायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, कितीही तेल घाला. सालं काढून वांगी लाकडी बडगीत घालायची आणि मुसळीनं ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. पाहुण्यांनी दोन दोन भाकरी खाल्ल्या. ताई म्हणाल्या, मुंबईत असं भरीत हॉटेलात मागवलं तर प्लेटभर मिळतं. इथं घमेलंभर समोर आलं.

तेव्हा त्यांनी विचारलं, "असं एरवीही येता येईल का? पैसे देऊन?" आम्ही गप्प. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे ही कल्पनाच आम्हाला लाजिरवाणी वाटली. ती गोष्ट आम्ही घरी आल्यावर महिनाभर चघळत राहिलो.

बघण्यासारखं काय आहे, याची यादी करायला बसलो तर भरतच गेली. नुसती देवळं आणि किल्लेच धरले तरी लळिंगचा किल्ला आहे, मुंबई रस्त्यावर. त्याच्याजवळचा लांडोर बंगला आहे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथं राहिले होते, आणि दर ३१ जुलैला त्या आठवणीनं तिथं माणसांची रीघ लागते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी उभं राहिलं, आणि त्यांनी गावोगाव फिरून जमवलेली जुनी कागदपत्रं तिथं आहेत. थोडं पुढे गेलं तर जळगाव जिल्ह्यात अमळनेर आहे, साने गुरुजी जिथं मास्तर होते ते. २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं झालं. रावेर-यावलकडे केळीच्या बागा, आणि तिथलंच फैजपूर, जिथं १९३६ साली काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं.

पण मावशी म्हणाल्या, हे सगळं पुस्तकात सापडेल. पाहुणे आखाजीला आले पाहिजेत. आखाजीला आपल्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. सालदाराचं वर्ष त्या दिवशी संपतं आणि नवीन सुरू होतं. घागरी भरून पितरांना पाणी देतात. आणि आमरसाबरोबर खापरावरचे मांडे. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं भांडं. पुरण भरलेला उंडा हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि खापरावर अलगद सोडायचा. आमच्या बारा जणींत हे नीट जमणाऱ्या फक्त तिघी, तिन्ही पन्नाशीपुढच्या. नाहीतर श्रावणात या, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची कानबाई सजवतात, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीवर. त्या दिवशी पांझरेच्या काठी उभं राहिलं तर सगळं देवपूर एका ठिकाणी दिसतं. रोटाचा प्रसाद मात्र भाऊबंदकीतच खायचा असतो, तो पाहुण्यांना मिळणार नाही.

असं सगळं रंगून बोलणं चाललं असताना आमच्या एका मैत्रिणीची मुलगी, कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली, मध्येच म्हणाली, "पाहुण्यांना काय दाखवायचं ते तुम्हाला सापडलं. मी इथं का राहावं, ते सांगा."

बायांनो, त्या दिवशी हा प्रश्न आला नसता तर आज आम्ही बोलायलाही आलो नसतो.

तिचं म्हणणं असं. एका दिवसाच्या पाहुण्याला गाव गोड लागतं. राहणाऱ्याला त्यातलं काय मिळतं? तुम्ही म्हणता, सगळे एकमेकांना ओळखतात. मी संध्याकाळी मैत्रिणीकडून यायला उशीर केला तर माझ्याआधी बातमी घरी पोचते. तुम्हाला तो आधार वाटतो, मला तो पहारा वाटतो. तुम्ही म्हणता, बाजार. त्या बाजारात सकाळी सहापासून बसणाऱ्या बाईला लघवीला जायला जागा नाही, म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही. मग तिला मूतखडा होतो, उन्हाळी लागते. आणि तुम्ही म्हणता, शेत. शेतवाल्याला मुलगी द्यायला तुमच्यातल्या कोण तयार आहेत? सगळ्या म्हणता, शेती पाहिजे, पण मुलगा नोकरीवाला पाहिजे, पुण्यात नाहीतर सुरतेत.

आमच्याकडे उत्तर नव्हतं. नोकरीवाला जावई शोधणाऱ्यांत आम्ही सगळ्याच होतो.

आणि शेत म्हणाल तर तेही कमी होत चाललं आहे. आमच्यातल्या एकीच्या भावाची पाटाच्या पाण्याची काळी जमीन तीन वर्षांपूर्वी विकली गेली. आता तिथं चुन्याच्या रेषा आहेत, दगड रोवलेत, प्लॉट नंबर घातलेत. एक घर उभं राहिलं, बाकी गवत. तिनं हक्कसोड पत्रावर सही केली होती, भावाशी वाईट नको म्हणून. आता म्हणते, पैशाचं दुःख नाही, पण पाडव्याला जाऊन उभं राहायला बांध राहिला नाही. शेतीच्या गावाची गोडी ज्यामुळे आहे ते शेतच गेलं तर मागे काय राहील? हॉर्न, धूळ आणि मे महिन्यातलं आमचं ऊन. खान्देशचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. दुपारी बारा ते चार पाहुणा तर सोडाच, कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही.

बाजारातल्या जागेसाठी आम्ही वीस भाजीवाल्यांच्या सह्या घेऊन अर्ज केला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी सगळ्या जणी मिळून गेलो. जागा अजून बांधली गेलेली नाही, पण मोजमाप घेऊन गेलेत. तोपर्यंत जवळच्या एका घरमालकिणीनं तिच्या वाड्यातलं बाथरूम सकाळी दोन तास उघडं ठेवलं आहे. साबण आणि फिनेल आमच्या गटाचं. भाजीवाली मावशी आता डब्याबरोबर पाण्याची बाटली आणते.

आणि पाहुण्यांचं म्हणाल तर आम्ही लाज सोडली. येत्या थंडीत पाच-सहा कुटुंबांना एकेका दिवसासाठी बोलवायचं ठरलं आहे. सकाळी नदी आणि बाजार, दुपारी फड, संध्याकाळी भरीत. पैसे घ्यायचे, पण आधी सांगून, आणि वाटणी लेखी. वांगी ज्या शेतातून येतील त्या शेताच्या मालकिणीचा वाटा वेगळा, जीपचा वेगळा, भाकरी थापणाऱ्यांची मजुरी वेगळी, आणि गटाकडे थोडं. पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा भाकरीची मजुरी धरायचीच राहून गेली होती. भाकरी ती काय, बाया करतातच की! मुलीनं बोट ठेवून दाखवलं, तेव्हा लक्षात आलं.

तुमच्यापैकी कुणाला हे मोठ्या प्रमाणात करायचं असेल, राहायच्या खोल्या वगैरे बांधायच्या असतील, तर दोन गोष्टी माहीत असू द्या. २०२० साली राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण केलं. २०२३ मध्ये 'आई' या नावानं महिलांसाठी पर्यटन धोरण आलं. त्यात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळण्याची सोय आहे. व्यवसाय खरोखर तिच्या नावावर आणि तिच्याच हातात असावा लागतो. अटी पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयातून समजून घ्या, आणि कर्ज घ्यायच्या आधी समजून घ्या. आम्ही अजून कर्ज घेतलेलं नाही. आम्हाला आधी बघायचंय की दहा माणसांना वेळेवर जेवायला घालणं आम्हाला जमतं का.

मुलगी गावात राहणार की जाणार, ते आम्हाला माहीत नाही. परीक्षा झाली की ठरवेन म्हणते. पण पाहुण्यांना फड समजावून सांगायचं काम तिनं घेतलं आहे. त्यासाठी गेल्या रविवारी ती मावशींना आणि पाटकऱ्याच्या नातीला घेऊन बंधाऱ्यावर गेली होती. दोघी बोलत होत्या आणि ती मोबाईलमध्ये भरून घेत होती. पाट कुठून निघतो, कुठल्या वळणाला काय म्हणतात, कुठल्या वर्षी कुठला फड कोरडा ठेवला. शेवटी तिनं विचारलं, "मावशी, पाटकरीण नसायची का कधी?" मावशी म्हणाल्या, "नाही गं. पण माझी सासू रात्री पाटाचा आवाज ऐकून सांगायची, पाणी कुठं फुटलंय ते." तेही तिनं भरून घेतलं.

नमस्कार मैत्रिणींनो. थंडीत या, वांगी चांगली असतात.